झावळी उचलण्याआधी

पावसाने आठवडाभर झोडपल्यावर एक दिवस लख्ख उघडीप मिळाली, की कोकणात घरोघरची माणसं परसात उतरतात. पडलेल्या झावळ्या ओढायच्या, माडांची आळी साफ करायची, पडवळाच्या मांडवाला टेकू द्यायचा. आमची काकू मात्र आधी दारामागची काठी घेते. झावळीखाली टोक घालून ती अलगद उलटते, क्षणभर थांबते आणि मगच हात लावते. मागच्या श्रावणात त्या थांबण्यात तेलात काहीतरी तळल्यासारखी चुरचुर ऐकू आली. खाली फुरसं होतं. जेमतेम हातभर लांब, रंग जांभ्याच्या मातीत असा मिसळलेला, की वेटोळं हललं नसतं तर दिसलंही नसतं.

हा आवाज फुरसं तोंडाने काढत नाही. अंगाच्या कडेचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून ते इशारा देतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांपैकी रत्नागिरीकडच्या परसात, गडग्याच्या चिऱ्यांत याची गाठ पडायची भीती मोठी. दंश बहुधा हाताला नाहीतर पायाला होतो, कारण नजरेआधी हात पोचलेला असतो. म्हणून बागेसाठी पैसे काढाल तेव्हा गमबूट आणि जाड हातमोजे आधी घ्या. सोडणं, फाटी, जुने चिरे घराच्या भिंतीला लावून रचू नका. तिथे उंदीर राहतात आणि उंदरांमागून साप येतात.

फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पाण्यासारखं वाहिलं, तर सापाची लस द्यावीच लागते. असं रक्त अंगात असताना चावल्या जागी ब्लेड मारणं किती भयंकर, ते यावरून कळावं. दोरीने करकचून आवळणंही नको. अंगठी, बांगड्या काढा, कारण सूज चढते. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. देशात वर्षाला सुमारे ५८,००० माणसं सर्पदंशाने दगावतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. मांत्रिकाच्या अंगणात घालवलेला तास परत मिळत नाही.

चिरा उचलताना लाल विंचवाचीही धास्ती असतेच. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं आणि कितीतरी पोरं वाचली. तेव्हा विंचू चावला तरी वाट दवाखान्याचीच धरा. आणि परस साफ करताच आहात, तर कुंड्यांखालच्या ताटल्या आणि करवंट्याही आठवड्याला उपड्या करा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

काकूने त्या दिवशी काठी तशीच सोडली, चार पावलं मागे सरली आणि मला सर्पमित्राला फोन लावायला सांगितला. तो येईपर्यंत तिने फुरशावरची नजर काढली नाही.