कवळाण्याहून बडोद्याच्या चित्रशाळेपर्यंत

मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी 11 मार्च 1863 रोजी काशीराव गायकवाडांच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव गोपाळराव. घराणे बडोद्याच्या राजघराण्यापैकीच, पिलाजीरावांच्या वंशातले, पण सत्तेपासून केव्हाच लांब पडलेले. जमीन कसावी आणि राहावे असा एकूण संसार. 1875 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून उतरवले आणि आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी दिली. वारसाचा शोध कवळाण्यापर्यंत आला. त्याच वर्षी मे महिन्यात गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

नाशिक जिल्ह्यात ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सक्तीचे शिक्षण, गावोगावची ग्रंथालये, आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती यांचाही उल्लेख दर जयंतीला होतो. जगभरची चित्रे आणि कलावस्तू जमवून त्यांनी लोकांसाठी जे संग्रहालय उभे केले, त्याच्याकडे मात्र आपण फार कमी वेळा पाहिले आहे. बडोद्याचे ‘म्युझियम अँड पिक्चर गॅलरी’ हा हिंदुस्थानातल्या मोजक्या जागांपैकी एक, जिथे युरोपातली तैलचित्रे आणि जपानच्या कारागिरीचे नमुने एकाच आवारात, शहरातल्या कोणालाही पाहता येतील असे मांडले गेले. तो संग्रह कसा घडला, त्यात काय साधले आणि काय निसटले, हे पाहायला शंभराहून अधिक वर्षांचा मागोवा घ्यावा लागतो.

बडोद्याला आले तेव्हा सयाजीराव बारा वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण जवळजवळ मुळापासून सुरू झाले. इलियट नावाचा इंग्रज शिक्षक, दिवाण सर टी. माधवराव यांची व्याख्याने, पहाटेपासून रात्रीपर्यंत चाललेला अभ्यास. 1881 च्या डिसेंबरात त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. मला वाटते, उशिरा शिकलेल्या माणसाला शिकण्याची जी किंमत कळते तीच पुढे त्यांच्या प्रत्येक संस्थेत उतरली आणि संग्रहालयही त्याला अपवाद नाही. 1887 साली ते प्रथम युरोपला गेले. त्या काळी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमचा विचार जगभर गाजत होता. कारागिराने उत्तम वस्तू डोळ्यांनी पाहिल्या, की त्याचा हात सुधारतो आणि हात सुधारला की देशाचा व्यापार सुधारतो, असा तो विचार. बडोद्याच्या संग्रहालयाचा पाया याच सुमारास घातला गेला.

विश्वामित्रीकाठच्या कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, मँट आणि चिझम या वास्तुविशारदांच्या आराखड्यावर इमारत उभी राहिली आणि 1894 मध्ये पूर्ण झाली. लक्ष्मी विलास राजवाड्यावर काम केलेले हेच दोघे. मांडणीसाठी जे. एफ. ब्लेक यांना विलायतेहून बोलावले. ते धर्मोपदेशक आणि त्याहून अधिक भूगर्भशास्त्रज्ञ. त्यामुळे सुरुवातीच्या संग्रहालयात दगड, खनिजे, प्राणी, कापड, भांडी, शस्त्रे असा सगळा प्रपंच एकाच छपराखाली होता. आजही एका दालनात इजिप्तची ममी आणि दुसरीकडे प्रचंड देवमाशाचा सांगाडा भेटतो, त्याचे मूळ तिथे आहे. कला ही ज्ञानाची एक शाखा, असे ते गणित होते.

संग्रहालयाच्या जोडीला 1890 मध्ये कलाभवन निघाले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्राचार्य. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे सारे तिथे शिकवले जाई. नाशिकच्या माणसाला इथे एक ओळखीचा चेहरा भेटतो. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून बडोद्याला आले आणि कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा कितीतरी गोष्टी शिकले. गज्जरांनी त्यांना प्रयोग करायला मोकळीक दिली. एका मुलाने कवळाण्याहून येऊन संस्था उभारली आणि दुसऱ्याने त्र्यंबकहून येऊन तिचा फायदा घेतला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचा विचार करताना आपण लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याची आठवण काढतो, बडोद्याची फारशी काढत नाही.

राजवाड्याची आवड मात्र वेगळ्या वाटेने चालली होती. 1888 मध्ये सयाजीरावांनी राजा रविवर्मांना चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले आणि दोन वर्षांत ती चित्रे तयार झाली. राजवाड्यात लागण्यापूर्वी ती लोकांना दाखवली गेली, तेव्हा गर्दी लोटली. देवादिकांचे चेहरे तैलरंगात, खऱ्या माणसांसारखे, सावलीसकट पाहण्याची लोकांची ती बहुधा पहिलीच वेळ होती. व्हेनिसचा शिल्पकार ऑगस्टो फेलिची बडोद्यात राहून संगमरवरात आणि ब्रॉन्झमध्ये राजवाड्यासाठी काम करत होता. अकादमिक वास्तववाद हीच तेव्हाची सर्वोच्च कसोटी आणि महाराजांची आवडही त्याच कसोटीवर घडलेली. पुढे पिक्चर गॅलरीत जे दिसते ते समजायला हे ध्यानात ठेवावे लागते.

1910 मध्ये सयाजीराव चीन-जपानमार्गे अमेरिकेला गेले. रशियाला हरवून जपानला पाच वर्षे झाली होती आणि आशियातल्या प्रत्येक विचारी माणसाचे डोळे तिकडे लागले होते. शाळा, कारखाने, आरमार यांची चर्चा सर्वत्र होती. जपानी कारागिरीने जग कसे जिंकले, ही गोष्टही तितकीच मोठी होती. मेजी राजवटीने 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपल्या वस्तू सरकारी योजनेने पाठवल्या आणि त्यानंतर युरोपच्या दिवाणखान्यांत सात्सुमाची भांडी, मिनाकारीचे कलश, हस्तिदंती मूर्ती आणि लाखकाम यांना मागणीच मागणी आली. सामुराई सरदारांच्या आश्रयावर जगणारे कारागीर सरदारकी संपताच निर्यातीवर जगू लागले. जुन्या कलेने नव्या बाजाराशी कसे जमवून घ्यावे, याचा हा धडा होता आणि हातमाग, तांबटकाम, लाकडी कोरीवकाम असलेल्या कोणत्याही हिंदी संस्थानाला तो लागू होता.

बडोद्याच्या जपानी दालनातला भर याच काळाच्या वस्तूंवर आहे आणि मला तो संग्रहालयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. पाहणारे बहुतेक तिथून भराभर पुढे जातात. थांबून पाहावे. सात्सुमाच्या भांड्यावर हस्तिदंती रंगाची झिलई असते आणि भट्टीतून निघून थंड होताना तिला केसासारख्या बारीक भेगांची जाळी पडते. हा दोष नसतो. कारागिराने हवी तशी पाडून घेतलेली ती जाळी असते आणि तिच्यावर सोने नि रंगीत मिनाकारी पुन्हा भाजून चढवतात. कलशावरच्या मिनाकारीत तांब्याच्या अंगावर पातळ तारा चिकटवून खण पाडतात, खणात काचेची रंगीत भुकटी भरतात, भाजतात, घासतात, पुन्हा भरतात. जपानी लाखकाम आपल्या सावंतवाडीच्या कामाहून मुळातच निराळे. सावंतवाडीची लाख किड्यापासून मिळते, जपानची एका झाडाच्या चिकापासून. तो चीक कोरड्या हवेत वाळत नाही, दमट हवेत घट्ट होतो आणि एकेक पातळ थर सुकवून घासत बसावे लागते. येवल्याचा विणकर किंवा नाशिकच्या तांबट आळीतला जाणता कारागीर या काचेपुढे उभा राहिला, तर आपल्यापेक्षा त्याला तिथे अधिक दिसेल.

आता पश्चिमेकडे वळू. चित्रांसाठी वेगळी इमारत हवी असे ठरले. 1908 मध्ये काम सुरू झाले आणि 1914 मध्ये संपले. युरोपीय चित्रांच्या निवडीचे काम मॅरियन स्पीलमन या लंडनच्या कलासमीक्षकाकडे सोपवले. ‘मॅगझिन ऑफ आर्ट’चे ते दीर्घकाळ संपादक होते, अभ्यासू, व्यवस्थित, पण नव्या चित्रकलेबद्दल साशंक. इमारत तयार झाली आणि महायुद्ध पेटले. चित्रे युरोपातच अडकली. गॅलरी लोकांसाठी उघडली ती 1921 मध्ये.

आत गेले की इटालियन, स्पॅनिश, फ्लेमिश, डच, फ्रेंच, इंग्लिश अशा क्रमाने युरोपच्या चित्रकलेचा प्रवास समोर येतो. व्हेरोनेझे, जोर्दानो, झुर्बारान अशी नावे पाट्यांवर आहेत. अशा संग्रहात मोठ्या नावांपुढे काही वेळा शंकेलाही जागा असते. त्याने फार बिघडत नाही. ज्या शहरात मूळ युरोपीय चित्र पाहायची सोयच नव्हती, तिथे रंगाचा खरा थर, ब्रशाचा खरा ओघ, व्हर्निशखालचा काळोख विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर मिळाला. छापील प्रतीत यातले काहीच येत नाही.

तरीही एक गोष्ट मनाला लागते. स्पीलमन बडोद्यासाठी निवड करत होते त्याच काळात, 1910 च्या नोव्हेंबरात, लंडनमध्येच रॉजर फ्राय यांनी माने, सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांचे प्रदर्शन भरवले होते. लोकांनी थट्टा केली आणि चित्रकलेची दिशा मात्र तिथून बदलली. त्यांतली बरीच चित्रे पुढच्या काळाच्या मानाने तेव्हा स्वस्त होती. बडोद्याच्या भिंतींवर त्या वाऱ्याची झुळूकही आली नाही. शिवाय यांतले बरेच चित्रकार जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांवरून शिकलेले होते. सपाट रंग, धीट बाह्यरेषा, चौकटीत मध्येच कापलेली आकृती, हे सारे माने आणि व्हॅन गॉगकडे तिथून आले. म्हणजे बडोद्याची दोन दालने जोडणारा पूल त्या क्षणी लंडनच्या बाजारात विक्रीला होता आणि तो बडोद्याला आला नाही.

याच सुमारास जपानमध्ये उलटी गोष्ट घडत होती. कुराशिकी या गावातले सूतगिरणीमालक ओहारा मागोसाबुरो यांनी चित्रे निवडण्यासाठी समीक्षक गाठला नाही. कोजिमा तोराजिरो या स्वतः रंगवणाऱ्या मित्राला त्यांनी युरोपला पाठवले. कोजिमा मोनेच्या घरी गेले आणि कमळांचे चित्र घेऊन आले. 1922 मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी एल ग्रेकोचे ‘अनन्सिएशन’ विकत घेतले. 1930 मध्ये उघडलेले ओहारा संग्रहालय आजही त्या गावाची ओळख आहे. सयाजीरावांनी तेव्हा एखादा हिंदी चित्रकार धाडला असता तर? निवड शेवटी कोणाच्या डोळ्यांनी होते, यावर संग्रहाचे आयुष्य ठरते. महाराजांनी पैसा आणि हेतू दिला, डोळे मात्र उसने घेतले, असे मला प्रांजळपणे वाटते.

पुढची दुरुस्ती वेगळ्याच दिशेने आली. हिटलरच्या जर्मनीत राहणे अशक्य झालेले ज्यू कला-इतिहासकार अर्न्स्ट कोन-वीनर 1934 मध्ये बडोद्याला आले. मध्य आशियाच्या वास्तुकलेचा त्यांचा अभ्यास गाढा होता. 1943 पासून 1953 पर्यंत हर्मन गॉट्झ संचालक होते. त्यांनी संग्रहालयाचे ‘बुलेटिन’ सुरू केले, वस्तूंची शास्त्रीय ओळख पटवली, राजपूत-मुघल चित्रांचा आणि आधुनिक हिंदी चित्रांचा संग्रह वाढवला. पुढे दिल्लीची राष्ट्रीय आधुनिक कला दालन संस्था 1954 मध्ये सुरू झाली तेव्हा तिची पहिली धुरा गॉट्झ यांच्याकडेच गेली. त्यांच्यामागे व्ही. एल. देवकर आले. 1952 पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्र शिकवले जाऊ लागले आणि देशभरच्या संग्रहालयांना इथून शिकलेली माणसे मिळाली.

आधुनिकतेचा जो धागा लंडनच्या बाजारात सुटला होता तोही माणसांच्या रूपाने बडोद्यात आला. सयाजीरावांनी पूर्वजांच्या स्मृत्यर्थ कीर्तिमंदिर बांधले आणि त्याच्या भिंतींसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान पाहून आलेले नंदलाल 1939 ते 1946 या काळात टप्प्याटप्प्याने इथे येत राहिले. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, ‘नटीर पूजा’, महाभारतातले युद्ध अशी चार भित्तिचित्रे त्यांनी केली. त्यांतली रेषेची मोकळीक आणि रिकाम्या जागेचा मान पाहिला, की जपानचा स्पर्श कळतो आणि तरी चित्र पूर्णपणे आपल्या मातीचे राहते. पहिले चित्र सुरू झाले त्याच वर्षी, 6 फेब्रुवारी 1939 रोजी सयाजीराव गेले.

1949 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, 1960 मध्ये बडोदा गुजरातचे झाले आणि संग्रहालय सरकारकडे गेले. राजघराण्याचा वेगळा संग्रह लक्ष्मी विलासच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात 1961 पासून पाहता येतो; रविवर्मा, फेलिची, युरोपीय चित्रांच्या उत्तम प्रतिकृती आणि चिनी-जपानी वस्तू तिथे आहेत. 1950 मध्ये ललित कला विद्याशाखा निघाली. तिथे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी घनवादापासून अमूर्तापर्यंतची चित्रभाषा एका पिढीला शिकवली. जुन्या चित्रांचे शिस्तबद्ध दर्शन गॅलरीत आणि नव्याशी झटापट वर्गात, अशी जोडी त्या शहराने मुलांना दिली. हिंदुस्थानात दुसरीकडे ती सहजी मिळत नव्हती.

तैलचित्रांना बडोद्याची हवा मानवत नाही. पावसाळ्यात कापड ओल धरते, उन्हाळ्यात ताणते, वरचा रंग तितक्या लवचिकपणे हलत नाही आणि तडकतो. व्हर्निश पिवळे पडत जाते. शंभर वर्षांत या चित्रांनी ते सोसले आहे. त्यांची निगा, त्यांच्यावरचा नवा अभ्यास, कोणते चित्र कोणाचे याचा पुन्हा शोध, यांसाठी गुजरात सरकारइतकीच आस्था आपल्याकडच्या जाणकारांनीही दाखवायला हवी.

नाशिक हे चित्रकारांचे गाव आहे. गोदेचे घाट आणि जुने वाडे जलरंगात रंगवण्याची इथली परंपरा शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी घडवली आणि आजची मुले ती पुढे नेत आहेत. या मुलांच्या शैक्षणिक सहली अजिंठ्याला जातात, मुंबईला जातात. सापुताऱ्याच्या घाटाने बडोदा एका दिवसाच्या वाटेवर आहे. तिथे नेताना शिक्षकांनी आधी जपानी दालनात अर्धा दिवस घालवावा, हाताने काय करता येते ते मुलांना वहीत काढायला लावावे. मग युरोपीय चित्रे क्रमाने दाखवावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्तिमंदिर. कवळाणे या वाटेवर नाही, सटाणा-मालेगावच्या बाजूला आहे. तिथूनही एकदा गाडी न्यावी, म्हणजे हा सगळा संग्रह कोणाच्या शिकण्यातून उभा राहिला ते मुलांना गावासकट दिसेल.