पिक्चर कोण निवडतं? मुंबईच्या उपनगरांतील मुलांची चित्रपटाची आवड

लहान मुलाची चित्रपटाची आवड त्याच्या स्वभावावर जितकी अवलंबून असते, तितकीच घरात चित्रपट निवडण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावरही असते. सहा-सात वर्षांचे मूल स्वतः तिकीट काढत नाही. आई-वडील नेतील तिथे ते जाते आणि घरात जे लागेल ते पाहते. त्यामुळे एखाद्या पिढीला लहानपणी काय आवडले हे समजून घ्यायचे, तर त्या काळी चित्रपट घरापर्यंत कोणत्या वाटेने येत होता हे पाहावे लागते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही मुंबईची उपनगरे यासाठी चांगले उदाहरण आहेत. गेल्या पन्नास-साठ वर्षांत चित्रपटगृह, दूरदर्शन, व्हिडिओ, केबल, मल्टिप्लेक्स आणि मोबाइल ही सारी माध्यमे येथील मध्यमवर्गीय घरांत एकामागून एक आली. प्रत्येक माध्यमासोबत निवडीचा अधिकार थोडा सरकत गेला.

मुलासोबत चित्रपट पाहण्याची प्रथा मात्र भारतीय चित्रपटाहूनही जुनी आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळले, त्या हकिकतीतही एक मूल आहे. 1910-11 च्या सुमारास गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये फाळके आपला मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन गेले. पडद्यावर हलणारे प्राणी पाहिल्याचे मुलाने घरी सांगितले, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. म्हणून फाळक्यांनी सगळ्या कुटुंबालाच नेले आणि त्या खेळात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट दाखवला गेला, असे सांगतात. पुढे 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये याच भालचंद्रने रोहिताश्वाची भूमिका केली आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

स्टेशनजवळची थिएटरे

उपनगरांतील एकपडदा चित्रपटगृहे बहुधा रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर किंवा मोठ्या रस्त्यावर होती. अंधेरीत अंबर-ऑस्कर-मायनर आणि नवरंग, बोरिवलीत जया, अजंता आणि डायमंड, घाटकोपरला ओडियन आणि श्रेयस, मुलुंडला मेहुल आणि जवाहर ही नावे तेथील रहिवाशांना पत्त्याच्या खुणेसारखी पाठ असत. मुले सोबत असली की शेवटचा खेळ टळे. तीन ते सहा किंवा सहा ते नऊ हा सोयीचा वेळ. मांडीवर बसणाऱ्या मुलाला तिकीट लागत नसे. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे समाचारचित्र किंवा माहितीपट दाखवला जाई. धरणे, पूर आणि परदेशी पाहुणे पडद्यावर पाहण्याची अनेक मुलांची ती पहिली वेळ असे.

या थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांत खास मुलांसाठी असे फारसे काही नसे. हिंदी चित्रपट एकाच तिकिटात गाणी, मारामारी, विनोद आणि रडू देत असे, आणि त्यातला आपला वाटा मूल उचलून घेई. 1971 च्या ‘हाथी मेरे साथी’त मोठ्यांसाठी राजेश खन्ना होता, मुलांसाठी हत्ती. 1975 मध्ये ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ हे दोन अगदी वेगळे चित्रपट सारखेच गाजले. पहिल्यातले संवाद मुलांच्या तोंडी बसले. दुसऱ्याला घरच्या बायकांबरोबर मुलेही गेली आणि देवीच्या चमत्कारांत रमली. 1987 चा ‘मिस्टर इंडिया’ हा याच घडणीचा. त्यात अनाथ मुलांची फौज आहे आणि अदृश्य होणारा नायक आहे, तरी पोस्टरवर त्याला कोणी बालचित्रपट म्हटले नाही.

घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीच्या इमारतींत मराठी, गुजराती आणि दाक्षिणात्य कुटुंबे शेजारी-शेजारी राहत. जिन्यात एकत्र खेळणाऱ्या मुलांची सामाईक भाषा बहुतेक वेळा हिंदी असे, आणि ती घडवण्यात चित्रपटाचा हात मोठा होता. त्यामुळे मराठी घरातल्या मुलाचीही मोठी आवड हिंदीच ठरली. मराठी चित्रपट आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या आग्रहाने पाहिला जाई.

शनिवार मराठी, रविवार हिंदी

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. वाहिनी एकच असल्याने निवडीचा प्रश्नच नव्हता. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी आणि आठवड्यात एकदा ‘छायागीत’ एवढाच चित्रपटांचा रतीब असे. पुढच्या आठवड्यात कोणता चित्रपट आहे हे ‘साप्ताहिकी’त कळे. सुरुवातीच्या वर्षांत संच मोजक्याच घरांत होते, त्यामुळे ज्याच्याकडे टीव्ही त्याचे दार रविवारी उघडे राही आणि शेजारची मुले पुढे जमिनीवर बसत.

या काळाचा मुलांच्या आवडीवर झालेला परिणाम सहसा ध्यानात येत नाही. थिएटरात नवा चित्रपट असे, तर दूरदर्शनवर बहुधा जुना. 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या मुलांनी म्हणून राज कपूर, गुरुदत्त, व्ही. शांताराम, राजा परांजपे यांचे चित्रपट पाहिले. हे सारे त्यांच्या आई-वडिलांच्या तरुणपणचे चित्रपट होते. पडद्यावर गाणे सुरू झाले की ते आपण कुठे आणि कोणाबरोबर पाहिले हे मोठी माणसे सांगू लागत. मुलांना चित्रपटाबरोबर त्याच्या आठवणीही आयत्या मिळाल्या. आपल्या जन्माआधीचे नट-नट्या आणि गाणी बिनचूक ओळखणारी पिढी तयार झाली ती अशी.

सार्वजनिक उत्सवही याला पूरक ठरले. गणेशोत्सवात वसाहतीच्या मैदानात पांढरा पडदा बांधून 16 मिलिमीटरच्या यंत्रावर चित्रपट दाखवत. पुढे जागा न मिळालेले पडद्यामागे बसून उलटे चित्र पाहत. इथला चित्रपट मंडळाचे कार्यकर्ते ठरवत. सगळ्या वयाच्या माणसांसमोर लाज वाटणार नाही असा चित्रपट निवडणे त्यांना भाग असे.

रडवणारे आणि हसवणारे मराठी चित्रपट

मराठी मुलांच्या चित्रपटविश्वाचा एक खांब आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (1953). साने गुरुजींच्या पुस्तकावरच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला. 1963 मध्ये ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये सचिन आणि ‘छोटा जवान’मध्ये महेश कोठारे हे बालकलाकार म्हणून पुढे आले. वीस-पंचवीस वर्षांनी याच दोघांनी दिग्दर्शक म्हणून मुलांचा मराठी चित्रपट बदलला. कोठारे यांचे ‘धुमधडाका’ (1985), ‘थरथराट’ (1989) आणि ‘धडाकेबाज’ (1990), सचिन यांचे ‘गंमत जंमत’ (1987) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) हे चित्रपट संस्कारासाठी दाखवायचे नव्हते, मुलांनी आपणहून मागायचे होते. लक्ष्मीकांत बेर्डे, अर्थात लक्ष्या, हा मुलांचा नट झाला. याच सुमारास मुलुंडला ‘कालिदास’ आणि बोरिवलीला ‘प्रबोधनकार ठाकरे’ नाट्यगृहामुळे सुटीतली बालनाट्येही घराजवळ आली, आणि मराठी करमणुकीला मुलांच्या वेळापत्रकात जागा मिळाली.

दादा कोंडके यांच्या चित्रपटांची गोष्ट याउलट. त्यांना अफाट गर्दी होई, पण द्व्यर्थी संवादांमुळे अनेक मध्यमवर्गीय घरांत ते मुलांसाठी वर्ज्य असत. काय दाखवायचे नाही हे ठरवणेही आवड घडवण्याचाच भाग असतो. वर्ज्य चित्रपटाचे आकर्षण मुलांना वेगळेच वाटे.

भीती, वय आणि समज

एकच चित्रपट भावंडांना वेगवेगळा दिसतो. अमेरिकी संशोधक जोआन कँटर यांनी मुलांच्या पडद्यावरील भीतीचा अभ्यास केला. साधारण सात वर्षांखालील मुले एखादी गोष्ट कशी दिसते यावरून घाबरतात. अक्राळविक्राळ चेहरा किंवा डोळ्यांदेखत रूप पालटणारे पात्र त्यांना भिववते. हे खोटे आहे असे सांगून त्यांची भीती फारशी कमी होत नाही, जवळ घेतल्याने होते. मोठी मुले प्रत्यक्षात घडू शकेल अशा संकटांना, म्हणजे अपघात, आजार किंवा आई-वडिलांच्या ताटातुटीला जास्त घाबरतात, आणि त्यांना समजावून सांगितलेले पटते.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (1993) हे याचे मराठी उदाहरण. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि तात्या विंचू जन्माला येतो. हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला होता. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तो विनोदी भयपट वाटला. चार-पाच वर्षांच्यांना मात्र खेळण्यातला बाहुला जिवंत होणे ही नुसती भीतीच होती. ‘श्यामची आई’तल्या आईच्या मृत्यूचे उलट आहे. धाकट्याला तो पुरता कळत नाही, थोरल्याला तो हलवून सोडतो.

खास मुलांसाठीचा चित्रपट

मुलांसाठी वेगळा चित्रपट असावा म्हणून सरकारने 1955 मध्ये मुंबईत ‘चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी, इंडिया’ स्थापन केली. केदार शर्मा यांचा ‘जलदीप’ ही तिची पहिली निर्मिती. सई परांजपे यांनी तिच्यासाठी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ केले, तर श्याम बेनेगल यांनी ‘चरणदास चोर’. हे चित्रपट शाळांमार्फत आणि सवलतीच्या सकाळच्या खेळांतून मुलांपर्यंत जात. नेहमीच्या थिएटरात त्यांना जागा मिळणे अवघड होते, कारण एकट्या मुलांच्या तिकिटांवर खेळ चालत नाही आणि मोठ्यांना खेचणारे नट-नट्या त्यांत नसत. त्यामुळे बालचित्रपट शाळेबरोबर पाहायचा आणि ‘पिक्चर’ घरच्यांबरोबर, अशी वाटणी झाली. 2022 मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

अलीकडच्या काळात मूल केंद्रस्थानी असलेले उत्तम चित्रपट निघाले. ‘श्वास’ (2004), ‘टिंग्या’ (2008), ‘फँड्री’ आणि ‘किल्ला’ यांत मुलाच्या डोळ्यांनी मोठ्यांचे जग दिसते. 2007 च्या ‘तारे जमीन पर’ने वाचनअक्षमतेबद्दल पालकांना विचार करायला लावले. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनले का डब्बा’ (2011) अंधेरीच्याच होली फॅमिली शाळेत, तेथील मुलांना घेऊन चित्रित झाला. पण यांतले बहुतेक चित्रपट मुलांविषयीचे आहेत, आणि त्यांचे प्रेक्षक मुख्यतः मोठे आहेत. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) दोघांनाही सारखाच भावला, म्हणून तो वेगळा उठून दिसतो.

एका पडद्याचे अनेक पडदे

1980 च्या दशकात व्हीसीआर आला. ज्यांना तो विकत घेणे परवडत नसे, ते एका रात्रीसाठी भाड्याने आणत आणि भाडे वसूल व्हावे म्हणून दोन-तीन कॅसेट लागोपाठ पाहत. त्यांतली एक मुलांच्या पसंतीची असे. घरात मुलांचे मत विचारण्याची ही सुरुवात. 1990 च्या दशकात केबल आली आणि तोच चित्रपट पुन्हा पुन्हा लागू लागला. मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही, पुढे काय होणार हे ठाऊक असणे त्यांना आवडते. म्हणून वाहिन्यांवर सतत लागणारे चित्रपट त्या पिढीला तोंडपाठ झाले. 1995 मध्ये भारतात ‘कार्टून नेटवर्क’ आले. मुलांची वाहिनी वेगळी झाली आणि रिमोटवरून भांडणे सुरू झाली. त्याआधीच, 1994 मध्ये, ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आल्याने इंग्रजी चित्रपटही मुलांच्या आवाक्यात आला होता. त्याच वर्षीच्या ‘हम आपके हैं कौन’ने मात्र व्हिडिओमुळे घरी बसलेली कुटुंबे पुन्हा थिएटरात आणली.

राज्य सरकारने 2001 मध्ये मल्टिप्लेक्सला करमणूक करात सवलत दिली. त्यानंतर अंधेरी, मालाड, मुलुंड, घाटकोपर येथे मॉलमधली चित्रपटगृहे उभी राहिली आणि एकपडदा थिएटरे एकेक करून बंद पडू लागली. मल्टिप्लेक्समध्ये एकाच वेळी अनेक चित्रपट असल्याने निवडीला वाव आला, पण तिकीट आणि खाणे मिळून चौघांचा खर्च वाढला. वारंवार जाणे कमी झाले, आणि जायचेच तर मुलांना हवा तोच चित्रपट, असा रिवाज पडला. मोबाइल आणि ओटीटीने पुढचे पाऊल टाकले. आता एकाच खोलीत चौघे चार पडद्यांवर वेगवेगळे चित्रपट पाहू शकतात.

प्रमाणपत्र आणि पालक

चित्रपट कोणी पाहावा याबद्दल कायदाही बोलतो. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार ‘यू’ चित्रपट सर्वांसाठी आणि ‘ए’ फक्त प्रौढांसाठी असतो. 1983 पासून ‘यूए’ हा मधला वर्ग आला. त्यात बारा वर्षांखालील मुलांबाबत निर्णय पालकांवर सोडलेला होता. 2023 च्या दुरुस्तीने त्याचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे केले. ‘ए’ चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलाला आई-वडिलांबरोबरही प्रवेश नाही. ‘यूए’चे टप्पे मात्र पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत.

हे मार्गदर्शन तीन तऱ्हांचे असल्याचे माध्यमांचे अभ्यासक मानतात: बंदी घालणे, नुसते शेजारी बसून पाहणे आणि पाहता-पाहता बोलणे. दूरदर्शनच्या काळात दुसरी आणि तिसरी तऱ्हा आपोआप घडत होती, कारण घरात संच एक आणि वाहिनीही एकच होती. आता ती ठरवून करावी लागते. लहान मुलाला काय खरे आणि काय खोटे हे सांगणे, मोठ्या मुलाला पात्र असे का वागले हे विचारणे, कधी आपल्या आवडीचा जुना चित्रपट त्याला दाखवणे आणि कधी त्याच्या आवडीचा आपण बसून पाहणे, एवढ्याने हे काम होते. निवड आळीपाळीने केली, तर मुलाची आवड त्याची स्वतःची राहते आणि आधीच्या पिढीचे चित्रपटही त्याला परके राहत नाहीत.