सांडवा आधी पाहा

मातीचे लहान धरण बहुधा दोनच कारणांनी फुटते: पाणी माथ्यावरून वाहते, नाहीतर भरावातली माती सोबत घेऊन बाहेर पडते. म्हणून तपासणी सांडव्यापासून सुरू व्हावी. लहान पाणलोटाचा पूर काही तासांत येतो आणि अशा सांडव्यांना बहुधा दरवाजे नसतात. त्यांची रुंदी व मोकळेपणा हाच आधार. तिथे झुडपे माजली, दरड आली किंवा जादा साठ्यासाठी कोणी वाळूच्या गोण्या रचल्या (हा मोह फार जुना), की माथ्यापर्यंतचे राखीव अंतर संपते. मातीचा भराव मात्र पाझरणारच, असे म्हणतात. खरे आहे. पण पाझर स्वच्छ आहे की गढूळ, आणि पातळी तीच असताना वाढतो आहे का, याची नोंद हवी. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ला फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. बिळे भरावाला घातक असतातच, पण ती शोधून बुजवणे हेच तर तपासणीचे काम!

धरण सुरक्षा कायदा, २०२१ पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी सक्तीची करतो, मात्र १५ मीटरहून उंच धरणांसाठी. १० ते १५ मीटरसाठी अटी आहेत, त्याखालची वगळलेली. साठा कमी म्हणून धोका कमी, हा युक्तिवाद अपुरा आहे. वाडी भिंतीपासून किती दूर आहे, यावर धोका ठरतो.