पिल्लू हाताला का येत नाही?

पुठ्ठ्याच्या खोक्यातून महिनाभराची दहा पिल्ले घरी येतात. गिरिराज, वनराज असे काहीतरी नाव विकणाऱ्याने सांगितलेले असते. मुले भोवती गोळा होतात, झाकण उघडते आणि दहाही पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. आठवडा उलटला तरी तोच प्रकार. दाण्याची वाटी घेऊन कुणी खुराड्यात वाकले की कलकलाट सुरू. आजी म्हणते, ‘आमच्या वेळी कोंबड्या पायात घोटाळायच्या.’ आजीचे खरे असते. तिच्या वेळची पिल्ले खुडूक कोंबडीखाली, घरातल्या डालग्यात जन्मत. माणसांच्या पायांत वावरणाऱ्या आईमागे ती फिरत आणि आई ज्याला घाबरत नाही, त्याला तीही घाबरत नसत. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई ठाऊक नसते. माणसाचा हात त्याला भेटतो तो लस टोचताना आणि खोक्यात भरताना.

ही भीती म्हणजे पिल्लाचा हट्ट नव्हे. ती ठरावीक वयात उगवते, हे दीडशे वर्षांपूर्वी दिसून आले आहे. डग्लस स्पाल्डिंग हा इंग्लंडमधला शिक्षक; पुढे बर्ट्रांड रसेल यांच्या आईवडिलांकडे तो घरशिक्षक होता आणि तिथे त्याच्या कोंबड्या थेट दिवाणखान्यात हिंडत. अंड्यातून बाहेर येतानाच त्याने काही पिल्लांच्या डोक्यावर टोपडे चढवले. एक-दोन दिवसांनी टोपडे काढले, तर पिल्ले त्याच्याच मागे धावत. तीन पिल्लांना मात्र त्याने जवळजवळ चार दिवस झाकून ठेवले. टोपडे निघताच ती त्याला पाहून जिवाच्या आकांताने पळत सुटली. माणूस तोच, पिल्लांना त्याने काही त्रासही दिला नव्हता. त्याने हे १८७३ मध्ये लिहिले. पहिल्या दोन-तीन दिवसांत जे हलताना दिसेल त्याला पिल्लू आई मानते. तो काळ सरला की अनोळखी हलती वस्तू म्हणजे धोका.

महिन्याच्या पिल्लाची आई होण्याची वेळ त्यामुळे निघून गेलेली असते. त्याला सवय मात्र लावता येते. त्यासाठी आधी त्याच्या नजरेने पाहायला हवे. घार वरून येते, म्हणून वरून येणाऱ्या सावलीला पिल्लू सर्वांत जास्त भिते. आपण लाडाने हात नेतो तो नेमका वरून, पाठीवर. तेव्हा पहिले काम म्हणजे खाली बसणे. खुराड्यात किंवा अंगणात जमिनीवर मांडी घालून रोज ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे बसावे आणि पिल्लांकडे टक लावून पाहू नये. वर्तमानपत्र वाचले तरी चालेल. दोन-तीन दिवसांनी पायाजवळ तांदळाची कणी टाकावी, एकच ठरलेली हाक द्यावी. मग कणी तळहातावर घ्यावी आणि हात जमिनीला टेकवून स्थिर ठेवावा. सकाळचे खाद्य देण्याआधीची वेळ उत्तम, पण त्यासाठी पिल्लांना उपाशी ठेवू नये. वाळवी मिळाली तर काम फारच लवकर होते.

आधी एखादेच धीट पिल्लू येते. येऊ द्यावे, बाकीची बघत असतात. एडिंबराजवळच्या रॉस्लिन इथे ब्रायन जोन्स यांनी १९९३ मध्ये हेच दाखवले : रोज हाताळलेल्या पिल्लांची भीती कमी होतेच, पण हाताळणी नुसती बघणाऱ्या पिल्लांचीही होते. म्हणून दहाही पिल्लांना एकेक करून पकडण्याची गरज नसते. एकदा पाठलाग केला की आठ दिवसांची मेहनत वाया जाते.

हातावर खाणारे पिल्लू मग छातीखालून बोट लावू देते. उचलायचे तर दोन्ही हातांनी, पायांना आधार देऊन, आणि छाती अजिबात न आवळता. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे होते तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. प्रेमाने घट्ट धरलेले पिल्लू मुलाच्या मुठीत गुदमरू शकते.

आणखी एक गैरसमज. पिल्लाला उताणे धरले की ते निपचित पडते. ‘बघा, कसे शांत झाले’ म्हणून मुले टाळ्या पिटतात. ते शांत झालेले नसते. भक्ष्य मेले असे शिकाऱ्याला वाटावे म्हणून शरीराने घेतलेली ती शेवटची आडकाठी असते. अथानासियस किर्शर यांनी १६४६ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले होते. आज संशोधक पिल्लाची भीती मोजतात ती अशा अवस्थेत ते किती वेळ पडून राहते यावरून.

इथवर पिल्लाची भीती. माणसाने थोडी भीती बाळगावी अशी जागा पुढे आहे. पिल्लू माणसाळले की मुले त्याचे मुके घेतात, गालाला लावतात, अंथरुणात नेतात. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेत, पिसांवर, पायांवर साल्मोनेला जंतू असू शकतात. टायफॉइडचा जंतू याच कुळातला, पण तो माणसातच राहतो, कोंबडीपासून टायफॉइड होत नाही. पिल्लांकडून येतात ते जुलाब, ताप आणि पोटात मुरडा, साधारण सहा तासांपासून सहा दिवसांच्या आत. बहुतेकांना जलसंजीवनी आणि विश्रांती पुरते, प्रतिजैविके लागत नाहीत. शौचावाटे रक्त, उतरत नसलेला ताप, लघवी कमी होणे किंवा मूल मलूल पडणे ही मात्र लगेच दवाखाना गाठण्याची लक्षणे. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्ले लांबूनच बघावीत. गरोदर बाई आणि म्हाताऱ्या माणसांनीही जपावे. तोंडाजवळ न नेण्याचे दुसरे कारण असे की चकाकणाऱ्या गोष्टीवर पिल्लू चोच मारते आणि डोळा चकाकतो. साबण खुराड्याच्या दाराशीच टांगावा. स्वयंपाकघरात ठेवला तर तिथपर्यंत पोचेतो मुलाचा हात तोंडात गेलेला असतो. एकाएकी बरीच पिल्ले मेली तर त्यांना हातच लावू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरमध्येच झाला होता.

सगळे करूनही दहातली एक-दोन दूरच राहतात. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात रानकोंबड्यांतून माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडत गेले, तेव्हा काही पिढ्यांतच धीट पक्ष्यांची पैदास वेगळी झाली. म्हणजे भित्रेपणा काही अंशी रक्तातच येतो. अशा पिल्लाच्या मागे लागू नये. मानमोडीची लस द्यायची असेल तर अंधार पडल्यावर जावे. कोंबडीला तेव्हा फारसे दिसत नाही, खुराड्यातून अलगद उचलता येते, आणि बाकीची नऊ झोपेतून हलतही नाहीत.