एक अक्षर : पाणी, कायदा आणि धम्म

कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहिले नाही असे बौद्ध कुटुंब आमच्या मौदा परिसरात विरळाच. जपानच्या ओगावा सोसायटीच्या सहकार्याने १९९९ साली ही वास्तू उभी राहिली. तिथून परतताना माझ्या मुलीने विचारले, "बाबा, जपानी भन्ते 'म्योहो रेंगे क्यो' म्हणतात, त्याचा अर्थ काय?"

ते सद्धर्मपुंडरीक सूत्राचे जपानी नाव आहे. इ. स. ४०६ मध्ये कुमारजीव या भिक्खूने हे सूत्र चिनी भाषेत आणले. नावातल्या 'हो'चा अर्थ आहे धम्म. हे अक्षर मूळचे चीनचे. तिथे त्याचा उच्चार 'फा' असा करतात. शाळेत आपण सर्वांनी फाहियान वाचला आहे. त्याच्या नावातला 'फा' हाच! भिक्खू संघाच्या नियमांचे, म्हणजे विनयाचे ग्रंथ मिळावेत म्हणून तो इ. स. ३९९ मध्ये भारताकडे निघाला होता.

हे अक्षर आठ रेघांचे आहे. डावीकडच्या तीन रेघा म्हणजे पाणी आणि उजवीकडच्या पाच रेघांचा अर्थ 'जाणे'. जुन्या रूपात आणखी एक भाग होता, एका शिंगाच्या प्राण्याचा. शू शेन या पंडिताने सुमारे इ. स. १०० मध्ये शब्दकोश रचला. त्यात तो सांगतो की पाणी सगळीकडे सारखी पातळी धरते, तसा कायदा सर्वांना समान असावा. आणि तो प्राणी खोट्या माणसाला शिंगाने ढुशी देऊन हाकलतो. प्राण्याची गोष्ट ही दंतकथाच. पण समतेची खूण म्हणून पाणी निवडणे, ही कल्पना विचार करायला लावणारी आहे.

बुद्धाचा धम्म चीनमध्ये पोहोचण्याआधीही हे अक्षर वापरात होते. कायदा, नियम, माप, पद्धत, नमुना असे त्याचे अर्थ होत. 'एखाद्याला आदर्श मानून चालणे' असे क्रियापदही त्यापासून होई. हान फेई हा विचारवंत (मृत्यू इ. स. पूर्व २३३) ते राज्याच्या कायद्यासाठी वापरी. त्याच्या कायद्यामागे बक्षीस आणि शिक्षा असे. पुढे भिक्खूंना 'धम्म' या शब्दासाठी चिनी अक्षर हवे होते, तेव्हा त्यांनी हेच घेतले. दंडाच्या भीतीने पाळायचा नियम दाखवणारे अक्षर आता समजून-उमजून जगायची रीतही सांगू लागले.

बंधू-भगिनींनो, आपल्या देशात पाण्यालाच बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. विरोधक जुन्या रूढीचा आधार घेऊन कोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने ती रूढी अमान्य केली. दहा वर्षे लागली, पण कायदा पाण्यासारखा सपाट झाला.

आणखी एक गंमत पाहा. जपानीत राज्यघटनेला 'केन्पो' म्हणतात आणि बुद्धाच्या धम्माला 'बुप्पो'. दोन्हीतला 'पो' हे तेच अक्षर, फक्त उच्चार बदलतो. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली घटना आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेला धम्म, बाबासाहेबांच्या या दोन्ही देणग्यांची नावे जपानी माणूस एकाच अक्षराने पुरी करतो.

घरी आल्यावर मुलीने वहीत ते अक्षर काढले आणि म्हणाली, "बाबा, मग आपल्या घरात दादाला आणि मला पातळी सारखी आहे का?" तो भाऊ ट्यूशनला जातो आणि ही संध्याकाळची भांडी घासते. मी कारकून माणूस, हिशेब तपासणे हाच माझा धंदा. पण घरचा हा हिशेब मी कधी तपासला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून भांड्यांची पाळी लावली. तिच्या ट्यूशनची फीही भरली.

विहारात समतेवर भाषण करणे सोपे आहे. आपल्या घरात पाणी कोणीकडे उतरते आहे, हे प्रत्येकाने एकदा पाहावे.