दाबसंवेदी नालशलाका

दाबसंवेदी नालशलाका : हृदयाचे कप्पे, रक्तवाहिन्या, मूत्राशय, कवटी इ. ठिकाणचा दाब प्रत्यक्ष मोजण्याचे साधन. नालशलाका अथवा कॅथेटर म्हणजे शरीरात सरकविता येणारी बारीक, पोकळ व लवचिक नळी. दंडाला पट्टा गुंडाळून मोजलेला रक्तदाब अप्रत्यक्ष व अधूनमधून मिळतो; नालशलाकेने तो हव्या त्या जागी व ठोक्यागणिक नोंदता येतो.

इतिहास : स्टीव्हन हेल्स यांनी घोडीच्या रोहिणीला जोडलेल्या उभ्या काचनळीत रक्त सु. २.५ मी. चढते, असे १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या बाहूतील नीलेतून नालशलाका हृदयापर्यंत नेली. आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी या पद्धतीचा विकास केला. या तिघांना १९५६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

द्रवस्तंभ पद्धती : हिच्यात नालशलाका लवणद्रवाने भरलेली असते व संवेदक शरीराबाहेर, खाटेजवळ असतो. ही पद्धती स्वस्त असून ती सर्वत्र रूढ आहे. मात्र संवेदक हृदयाच्या पातळीत ठेवावा लागतो. तो १० सेंमी. खाली राहिल्यास दाब पाऱ्याच्या सु. ७.५ मिमी.ने जास्त दिसतो. रोहिणीतील १२० मिमी.च्या दाबात ही चूक लहान ठरते. परंतु उजव्या अलिंदातील प्राकृत दाब २ ते ८ मिमी. एवढाच असल्याने तेथे ती मूळ मापाइतकी होते. परिणामी द्रवाची गरज असलेल्या रुग्णाच्या शरीरात द्रव पुरेसा आहे, असा चुकीचा समज होऊ शकतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास तरंगाकृती बोथट होते, तर नळी फार लांब असल्यास शिखरदाब अवास्तव जास्त दिसू शकतो.

टोकाशी संवेदक : सिलिकॉनवर ताण पडला असता त्याचा विद्युत् रोध बदलतो, हे सी. एस. स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखविले. या गुणधर्मावर आधारलेले सूक्ष्म पटल नालशलाकेच्या टोकाशी बसवितात. दाबाने पटल वाकते, रोध बदलतो आणि व्हीट्स्टन सेतूच्या साहाय्याने तो बदल विद्युत् संकेतात मिळतो. मध्ये द्रवस्तंभ नसल्याने दाबातील जलद बदलही विरूपित न होता नोंदले जातात. काही प्रकारांत पटलावरून परावर्तित होणारा प्रकाश काचतंतूने बाहेर आणतात. डोक्याला जबर इजा झालेल्या रुग्णाच्या कवटीतील दाब मोजण्यास असे संवेदक वापरतात.

हृद्‌रोहिणीचे अरुंदीकरण क्ष-किरण चित्रात दिसते, पण त्यामुळे रक्तपुरवठा किती घटला हे त्यावरून नेहमीच ठरत नाही. यासाठी सु. ०.३६ मिमी. जाडीची संवेदकयुक्त तार नालशलाकेतून अरुंद भागापलीकडे नेतात. औषधाने रक्तप्रवाह कमाल केल्यावर तेथील सरासरी दाबाला महारोहिणीतील सरासरी दाबाने भागतात. महारोहिणीत १०० मिमी. व पलीकडे ७२ मिमी. दाब असल्यास गुणोत्तर ०.७२ येते. स्थिर विकारात ते ०.८० हून जास्त असल्यास सामान्यतः त्या जागी स्टेंट बसविण्याची गरज नसते व औषधोपचार पुरेसे ठरतात.

मर्यादा : टोकाशी संवेदक असलेली साधने महाग व नाजूक असतात. ती आत गेल्यावर त्यांचा शून्यबिंदू कालांतराने सरकू शकतो. तो वातावरणीय दाबाशी पुन्हा जुळविणे द्रवस्तंभ पद्धतीइतके सोपे नसते. रक्तस्राव, वाहिनीस इजा व जंतुसंसर्ग हे धोके दोन्ही पद्धतींत असतात. त्यामुळे मिळणाऱ्या मापाने उपचारात फरक पडणार असेल, तेव्हाच नालशलाका घालणे इष्ट ठरते.