गिऱ्हाईक परत येतं तेव्हा : लेखांक ७ – बुडवलेला वडा

गेल्या आठवड्यात विमान कंपन्यांच्या मैलांचा हिशेब पाहिला. आज जमिनीवर उतरू, तेही उभ्याने खायच्या हॉटेलात.

मंगळवार होता. बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला गर्दी होते; ती पांगली की माणसं आसपासच्या दर्शिनींत शिरतात. मीही शिरलो. माझ्यापुढच्या आजोबांनी अजून पाकीटही काढलं नव्हतं, तर गल्ल्यावरच्याने टोकन फाडून ठेवलेलं : इडली-वडा, वडा सांबारात बुडवून. आजोबा एक शब्द बोलले नाहीत.

दर्शिनी हा बंगळुरूचाच प्रकार. १९८३ साली शेजारच्या जयनगरात आर. प्रभाकर यांनी ‘कॅफे दर्शिनी’ काढलं. वेटर नाही, खुर्ची नाही, पदार्थ मोजके, स्वयंपाकघर डोळ्यांसमोर. टेबल पटापट मोकळं होतं, म्हणून भाव परवडतो. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत मॅरियटने मुक्कामागे पॉइंट द्यायची योजना सुरू केली. दोघांनाही हवं होतं ते परत येणारं गिऱ्हाईक.

पॉइंटांची गोम अशी, की न वापरलेले पॉइंट कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून बसतात. म्हणून त्यांना मुदत घालतात. एका हॉटेल-साखळीतले माझे पॉइंट असेच गेले. कळलं खोली मागायला गेलो तेव्हा. पॉइंट मुळात दिलेच नसते तर मी रागावलो नसतो. आता त्या पाटीखाली पाऊल टाकत नाही.

डोळ्यांसमोरच्या स्वयंपाकघराची गोष्ट मात्र या शहरात जुनी आहे. १९२४ सालच्या मावळ्ळी टिफिन रूमचे, म्हणजे एमटीआरचे, यज्ञनारायण मय्या १९५१ मध्ये युरोप पाहून आले ते स्वच्छतेचं वेड घेऊनच. भांडी वाफेने निर्जंतुक होऊ लागली, गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर दाखवलं जाऊ लागलं. आणीबाणीत दरांवर बंधन आलं तेव्हा माल हलका करण्याऐवजी त्यांनी हॉटेलच बंद केलं आणि तयार पिठं-मसाल्यांच्या पाकिटांकडे वळले. आज तिथे पुन्हा रांग लागते.

लॉजवाला म्हणेल, आमचं गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येणार, चेहरा लक्षात कसा राहावा? बरोबर आहे. त्यात रिसेप्शनवरचा मुलगा सहा महिन्यांत नोकरी बदलतो. मग एक वही ठेवावी : ‘गुडघे दुखतात, तळमजला. चहा बिनसाखरेचा.’ आणि ती बुकिंगच्या दिवशीच उघडावी, पाहुणा बॅगा घेऊन जिन्यापाशी उभा राहिल्यावर नव्हे.

तर, आजोबा. खिडकीशी नवा पोरगा होता. त्याने वडा कोरडा दिला, सांबार वेगळ्या वाटीत. आजोबा नुसते प्लेटकडे बघत राहिले. गल्ल्यावरच्याने मान न वळवता कानडीत दोन शब्द फेकले. वडा आत गेला, सांबारात भिजून बाहेर आला. तोवर आजोबांची अर्धी इडली संपली होती.